३०७ पिकोग्रॅम: एक निकालपत्र शोधनिबंधासारखं वाचताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मास स्पेक्ट्रोमीटरवर नमुने लावून मी जेवायला गेले होते. परत येऊन डेटा उघडला, तर ब्लँकमध्ये, म्हणजे ज्यात काहीच नसायला हवं त्या नमुन्यात, माझ्या संयुगाचा छोटा पण स्पष्ट पीक. मशीन खोटं बोलत नव्हतं. तो रेणू तिथे खरंच होता. फक्त तो त्या कुपीतला नव्हता. आधीच्या तीव्र नमुन्याचा अंश आत राहून पुढे वाहत आला होता. आमच्या भाषेत याला कॅरीओव्हर म्हणतात. मी सिस्टीम धुतली, रन परत लावला आणि विषय संपला. नुकसान झालं ते एका संध्याकाळचं.

विषय इतक्या सहज संपला, कारण त्या कुपीवर कुणाचं नाव नव्हतं.

आता समजा, कुपीवर एका सैनिकाचं नाव आहे. पीक त्याच्या नोकरीचा, निवृत्तिवेतनाचा, कदाचित तुरुंगवासाचा निर्णय करणार आहे. आणि तो म्हणतोय, "मी काही घेतलेलं नाही." अशा वेळी त्याच्या हातात कोणते हक्क असतात, आणि ते हक्क त्या पीकच्या नेमक्या कोणत्या भागाला प्रश्न विचारू शकतात?

इथे आपण एरवी शोधनिबंधांचं परीक्षण करतो. आज निकालपत्र घेऊया: अमेरिकेतल्या 'कोर्ट ऑफ अपील्स फॉर द आर्म्ड फोर्सेस' या न्यायालयाचा १९९९ चा कॅम्पबेल खटला. लष्करी खटल्यांच्या अपिलांसाठीचं हे न्यायालय, आणि त्याचे पाचही न्यायाधीश मुलकी असतात. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. मी हे वाचलं ते रसायनशास्त्रातली म्हणून. पण वाचून झाल्यावर वाटलं, सिनॉप्सिस लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवं. कारण "मोजमाप बरोबर आहे" आणि "निष्कर्ष बरोबर आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे मला कुठल्याही मेथडॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसलं.

आधी थोडी पार्श्वभूमी

२६ मे १९८१ च्या रात्री अमेरिकेच्या 'निमित्झ' या विमानवाहू जहाजावर उतरताना एक विमान कोसळलं. १४ जण गेले. शवविच्छेदनात काही मृतांच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. अपघाताचं कारण तेच होतं का, हा वेगळा वाद. पण त्यानंतर लष्करात लघवीच्या चाचण्यांचा जोर प्रचंड वाढला, आणि चाचणीचा निकाल शिस्तभंगाच्या कारवाईत पुरावा म्हणून वापरायची वाट मोकळी झाली. १९८३ मध्ये लष्करी दंडसंहितेत, म्हणजे 'युनिफॉर्म कोड ऑफ मिलिटरी जस्टिस'मध्ये, अमली पदार्थांसाठी खास कलम आलं: कलम ११२-अ.

घाईची किंमतही लगेच मोजावी लागली. १९८४ मध्ये खुद्द सैन्याच्या तपासणीतच निघालं की हजारो सैनिकांच्या नमुन्यांची हाताळणी आणि कागदपत्रं धड नव्हती. म्हणजे इतक्या लोकांच्या बाबतीत "ही बाटली याचीच" हे वाक्यच भक्कम नव्हतं.

आजची पद्धत त्यातून शिकून बरीच कडक झालेली आहे. निरीक्षकासमोर नमुना, लेबलवर सैनिकाची आद्याक्षरं, सील, बाटली कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याची लेखी साखळी. प्रयोगशाळेत आधी इम्युनोअ‍ॅसे, म्हणजे प्रतिपिंडांवर आधारलेली चाळणी. त्यात जे अडकतील तेवढेच नमुने मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे जातात. गांजासाठी चाळणीची मर्यादा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आणि खात्रीच्या चाचणीची १५ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. मोजला जातो तो गांजातला मूळ रेणू नव्हे, तर शरीराने त्याचं रूपांतर करून बनवलेला मेटाबोलाइट.

रसायनशास्त्र म्हणून हे काम उत्तम आहे. मला त्यात फार खोट काढता येत नाही. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे.

कायद्याला नेमकं काय सिद्ध करायचं असतं?

कलम ११२-अ खाली गुन्हा आहे तो बेकायदा सेवनाचा, आणि त्यात जाणीव गृहीत आहे. आपण काय घेतोय हे माहीत नसेल, तर गुन्हा नाही. कुणी पेयात काही मिसळलं आणि तुम्ही ते अजाणता प्यायलात, तर लघवी पॉझिटिव्ह येईल, पण तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. १९८८ च्या मॅन्स खटल्यात न्यायालयाने जाणिवेचा हा मुद्दा नीट सोडवून सांगितला.

पण जाणीव लघवीत दिसत नाही. तिचा पीक येत नाही. मग सरकारी पक्ष ती सिद्ध कशी करणार? कायद्याने इथे एक पूल बांधला: शरीरात पदार्थ सापडला, तर तो जाणूनबुजून घेतला असा निष्कर्ष न्यायमंडळ काढू शकतं. काढलाच पाहिजे असं नाही, काढू शकतं. १९८६ च्या हार्पर खटल्यात हे मान्य झालं, की चाचणीचा अहवाल आणि तो समजावून सांगणारा तज्ज्ञ एवढ्यावर दोषी ठरवता येईल. १९८७ च्या मर्फी खटल्यात त्याची दुसरी बाजू आली: नुसता कागद पुरेसा नाही, आकड्यांचा अर्थ सांगणारा तज्ज्ञ हवाच.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर आपल्याला हवं असलेलं चल आहे 'जाणीवपूर्वक सेवन'. ते थेट मोजता येत नाही. म्हणून आपण एक प्रॉक्सी घेतला, लघवीतला मेटाबोलाइट. प्रॉक्सी वापरायला कुणाची हरकत नसते. पण प्रॉक्सी आणि मूळ चल यांच्यातला दुवा कुठे आणि कसा तपासला, हे व्हायवामध्ये पहिल्या पाच मिनिटांत विचारतात. कॅम्पबेल खटल्यात न्यायालयाने नेमकं तेच विचारलं.

खटला आणि त्रिसूत्री

आरोप होता एलएसडी घेतल्याचा. लष्कराची मर्यादा होती मिलिलिटरला २०० पिकोग्रॅम आणि या सैनिकाच्या नमुन्यात सापडले ३०७. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पद्धत होती गॅस क्रोमॅटोग्राफीला जोडलेली दुहेरी मास स्पेक्ट्रोमेट्री. बचाव पक्षाचा आक्षेप या पद्धतीवरच होता. खाली दोषी ठरलेल्या या सैनिकाची दोषसिद्धी अपिलात रद्द झाली.

का रद्द झाली, ते महत्त्वाचं आहे. न्यायालयाने "मशीन चुकलं" असं म्हटलं नाही. म्हटलं ते इतकंच, की नुसत्या आकड्यावरून जाणिवेपर्यंत उडी मारायची असेल, तर सरकारी पक्षाच्या तज्ज्ञाने तीन गोष्टी दाखवायला हव्यात. थोडक्यात माझ्या शब्दांत:

एक, सापडलेला पदार्थ शरीर स्वतः तयार करत नाही, आणि तो त्या अमली पदार्थाशिवाय दुसऱ्या कशापासून येत नाही.

दोन, मर्यादा आणि सापडलेलं प्रमाण इतकं आहे की अजाणता सेवनाची शक्यता वाजवीपणे बाजूला ठेवता येते, आणि त्या व्यक्तीला कधीतरी त्या पदार्थाचा शारीरिक-मानसिक परिणाम जाणवला असेल, अशी वाजवी शक्यता दिसते.

तीन, वापरलेली पद्धत तो पदार्थ खात्रीने ओळखते आणि त्याचं प्रमाण खात्रीने मोजते.

या खटल्याच्या नोंदीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर पुरेसा पुरावा नव्हता. २०० ही मर्यादा का, १०० किंवा ५०० का नाही, या मर्यादेमुळे अजाणता सेवन किंवा चुकीचा पॉझिटिव्ह कसा वगळला जातो, याचं उत्तर नोंदीवर आलंच नव्हतं.

हे वाचताना मला आमच्या प्री-सबमिशन सेमिनारची आठवण झाली. स्लाइडवर ठसठशीत आकडा असतो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "ही कट-ऑफ कुठून आणली?" "साहित्यात तशी आहे" या उत्तराने एखाद्याचा सेमिनार कसाबसा निभावतो. न्यायालयात तसं उत्तर चालायला नको, असं हे निकालपत्र म्हणतं. त्याची ही बाजू मला मनापासून आवडते.

आता माझे आक्षेप

पहिल्या सूत्रापासून सुरुवात करू, कारण तिथे न्यायालय भक्कम आहे. मेथॅम्फेटामिनचं उदाहरण घ्या. या रेणूची दोन रूपं असतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखी. डी-रूप नशेचं. एल-रूप अमेरिकेत नाक मोकळं करायला मिळणाऱ्या काही इनहेलरमध्ये असतं. साधी मास स्पेक्ट्रोमेट्री दोघांचं वजन सारखंच सांगते. ती वेगळी करायला कायरल पृथक्करण लागतं. म्हणजे "दुसऱ्या कशापासून येत नाही" हा प्रश्न विचारल्याशिवाय पॉझिटिव्हला अर्थ नाही. बीएस्सीत स्टिरिओकेमिस्ट्री पाठ करताना "याचा उपयोग काय" असं वाटलं असेल, तर हा उपयोग.

दुसऱ्या सूत्रात मात्र मला तर्काची फट दिसते. न्यायालय म्हणतं, प्रमाण जास्त असेल तर अजाणता सेवनाची शक्यता मागे पडते. कोणत्या प्रकारचं अजाणता सेवन? धुराने भरलेल्या खोलीत बसलो, दूषित नोटेला हात लागला, अशा किरकोळ संपर्कासाठी हे बरोबर आहे. जास्त आकडा त्या शक्यता खरंच वगळतो. पण कुणी ग्लासात पूर्ण मात्रा मिसळली असेल तर? त्या माणसाच्या लघवीत आकडा तेवढाच मोठा येईल, जेवढा स्वतःहून घेणाऱ्याच्या. त्याला परिणामही तसाच जाणवेल. म्हणजे मोठा आकडा अपघाती संपर्क वगळतो, फसवणूक वगळत नाही. एकाच शब्दाखाली दोन वेगळी गृहीतकं बसली आहेत आणि चाचणी त्यातल्या एकालाच हात लावते.

शिवाय "परिणाम जाणवला असेल" हे एका वेळच्या लघवीवरून सांगणं अवघड आहे. माणूस किती पाणी प्यायला, सेवनाला किती तास झाले, त्याचं शरीर तो पदार्थ किती वेगाने बाहेर टाकतं, या सगळ्याने आकडा बदलतो. थोडं पण अलीकडे घेतलेलं आणि जास्त पण बऱ्याच आधी घेतलेलं, दोन्हींचा आकडा सारखा येऊ शकतो. गटाच्या सरासरीवर बेतलेली मर्यादा एका व्यक्तीच्या अनुभवाबद्दल बोलायला लावली, की काय होतं ते संख्याशास्त्राच्या पहिल्याच पेपरात शिकवतात.

खसखशीचा धडा

हे सगळं काल्पनिक वाटत असेल तर स्वयंपाकघरात चला. अनारशावर लावतो ती खसखस अफूच्याच झाडाचं बी. बियांमध्ये स्वतःहून नशा नसते, पण बोंडातला चीक त्यांना लागलेला असू शकतो, आणि त्यात मॉर्फिन आणि कोडीन असतं. किती असतं, ते जातीवर, काढणीवर आणि धुण्यावर ठरतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सगळ्या सैनिकांना सूचना काढली: खसखस असलेले पदार्थ, बेकरीतलेसुद्धा, टाळा. कारण काही वाणांमध्ये कोडीनचं प्रमाण आधी वाटलं होतं त्यापेक्षा जास्त निघालं. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, चाचणीतली कोडीनची मर्यादाच मिलिलिटरला २,००० वरून ४,००० नॅनोग्रॅम केली.

इथे जरा थांबून विचार करा. मशीन बदललं नाही. रेणू बदलला नाही. समजा एकाच बेकरीतला एकच पाव खाल्लेले दोन सैनिक आहेत, दोघांचा आकडा ३,०००. एकाची चाचणी मर्यादा बदलण्याआधी झाली, दुसऱ्याची नंतर. पहिला पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. पहिल्याच्या लघवीत कोडीन होतं, हे शंभर टक्के खरं. मोजमाप बरोबर, निष्कर्ष चूक. कॅम्पबेलमधला "ही मर्यादा का?" हा प्रश्न वीस-पंचवीस वर्षांनी पावाच्या तुकड्यातून परत वर आला.

परत चाचणी करून काय कळतं?

सैनिकाला नमुना परत तपासून मागता येतो. पॉझिटिव्ह नमुने प्रयोगशाळेत एक वर्ष गोठवून ठेवतात. हा हक्क खरा आहे आणि मोलाचा आहे. पण तो काय तपासतो ते नीट बघा. त्याच बाटलीतली लघवी पुन्हा मोजणं म्हणजे आपल्या भाषेत टेक्निकल रेप्लिकेट. त्याने मशीनची चूक, आकडेमोडीची चूक, माझ्या ब्लँकसारखा कॅरीओव्हर पकडता येईल. बाटली दुसऱ्याची असेल तर? डीएनए तपासणी मदत करू शकेल, नुसती पुनर्मोजणी नाही. कुणी पेयात मिसळलं असेल तर? दहा वेळा मोजा, दहाही वेळा तेच येणार.

तरीही कुणीतरी म्हणतंच, "दोनदा तपासलं, दोन्ही वेळा आलं, आता काय शंका?" हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. तुमच्या स्वतःच्या प्रबंधातही ते कुठेतरी लपलेलं असेल. एकाच उंदराचं रक्त तीनदा मोजून 'एन बरोबर तीन' लिहिणारे मी पाहिलेत.

हक्क कोणते, आणि ते कुठल्या पायरीला लागतात?

आता कायद्याकडे परत येते. हक्कांची यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक हक्क साखळीतल्या कोणत्या दुव्याला प्रश्न विचारतो, ते बघणं उपयोगी.

पहिला दुवा, नमुना घेतलाच का? संपूर्ण तुकडीची किंवा सोडतीने निवडलेल्यांची तपासणी ही 'इन्स्पेक्शन' मानली जाते आणि तिचा निकाल पुरावा म्हणून चालतो. ठोस कारणावरून, रीतसर अधिकाराने घेतलेला नमुनाही चालतो. खुल्या संमतीने दिलेलाही. पण ठोस कारण नसताना कमांडरने एका विशिष्ट सैनिकाला "तू दे" म्हटलं, तर तो निकाल कोर्ट-मार्शलमध्ये दोष सिद्ध करायला वापरता येत नाही. म्हणून वकील पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा विचारत नाही. तो विचारतो, त्या दिवशी यादीत नाव कसं आलं?

दुसरा दुवा, सैनिक काय बोलला? कलम ३१ प्रमाणे संशयिताला चौकशीआधी आरोपाचं स्वरूप आणि गप्प राहण्याचा हक्क सांगावा लागतो. ही तरतूद १९५० च्या संहितेतली, म्हणजे मुलकी कायद्यातल्या १९६६ च्या प्रसिद्ध मिरांडा निकालापेक्षा जुनी. याचं महत्त्व असं, की जाणीव लघवीत दिसत नाही, पण घाबरून दिलेल्या जबाबात दिसू शकते. "पार्टीत कुणीतरी काहीतरी दिलं होतं" हे अर्धवट वाक्य तो पूल सरकारी पक्षासाठी पूर्ण करून देतं.

तिसरा दुवा, मोजमाप आणि कागद. प्रयोगशाळेची सगळी कागदपत्रं मागता येतात: साखळी, कॅलिब्रेशन, नियंत्रण नमुने, क्रोमॅटोग्राम. गरज दाखवली तर बचावासाठी तज्ज्ञाची मदतही मागता येते. इथे २०१० चा ब्लेझिअर खटला वाचण्यासारखा आहे. ज्याने चाचणी केली नाही अशा तज्ज्ञाने साक्षीला येऊन इतरांची लेखी विधानं नुसती वाचून दाखवणं, हे साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारण्याच्या हक्कात बसत नाही. मात्र मशीनने दिलेला कच्चा डेटा ही कुणाची 'साक्ष' नव्हे, त्यावरून तज्ज्ञ स्वतःचं मत देऊ शकतो. कच्चा डेटा आणि कुणीतरी सही केलेला सारांश यांतला फरक न्यायालयाने इतका काटेकोर पाहिला. आपण मात्र सप्लिमेंटरी फाइल उघडूनही बघत नाही.

पण हे सगळं कुठे लागू होतं?

इथे माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे, आणि तो निकालपत्रापेक्षा त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेवर आहे.

कॅम्पबेलची त्रिसूत्री चालते कोर्ट-मार्शलमध्ये. तिथेही ती पुढे सैल झाली. २००० मध्ये त्याच खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं, की तितकाच पटणारा दुसरा पुरावा असेल तर तोही चालेल. २००१ च्या ग्रीन खटल्यात लष्करी न्यायाधीशाला याबाबत आणखी मोकळीक मिळाली. मला हे पूर्ण चूक वाटत नाही. कोकेनसारख्या पदार्थावर भरपूर अभ्यास झालेला आहे, तिथे दर वेळी सगळं पहिल्यापासून सिद्ध करायला लावणं अडमुठेपणाचं होईल. पण 'तितकाच पटणारा' हे कोण आणि कशाने मोजणार? यादी काढून टाकली की प्रश्न विचारण्याची सवयही हळूहळू जाते, हा धोका आहे.

आणि कोर्ट-मार्शलच्या बाहेर? चाचणी पॉझिटिव्ह आली की कमांडरसमोर आणखी दोन वाटा असतात. एक, कलम १५ खालची शिक्षा, ज्यात खटला नसतो. सैनिक ती नाकारून कोर्ट-मार्शल मागू शकतो, पण जहाजावर असेल तर तो हक्कही नाही. आणि मागणं हा जुगारच: कडक पुराव्याचं संरक्षण मिळतं, पण हरलात तर शिक्षा कितीतरी मोठी. दुसरी वाट, प्रशासकीय पद्धतीने सेवेतून काढून टाकणं. तिथे संशयातीत पुरावा लागत नाही. 'असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त' एवढं पुरतं. खटल्यातले पुराव्याचे नियमही तिथे तसे लागू नसतात. सहा वर्षांपेक्षा कमी सेवा असेल आणि सगळ्यात वाईट शेऱ्याची शिफारस नसेल, तर मंडळासमोर सुनावणीचा हक्कसुद्धा साधारणपणे मिळत नाही. लेखी म्हणणं द्यायचं, बस.

आता एक हिशेब करू. आकडे काल्पनिक आहेत, फक्त तर्कासाठी. सोडतीने १०,००० जणांची तपासणी झाली. त्यातले ५० खरंच सेवन करणारे आणि सगळे पकडले गेले. उरलेल्या ९,९५० मध्ये बाटलीची अदलाबदल, अजाणता सेवन, हाताळणी अशा कुठल्याही कारणाने हजारात एकाचा निकाल चुकीचा अर्थ देतो. म्हणजे साधारण १० जण. एकूण ६० पॉझिटिव्ह, त्यातले १० निर्दोष. 'हजारात एक चूक' म्हणजे ऐकायला ९९.९ टक्के. प्रत्यक्षात पॉझिटिव्ह आलेल्या दर सहा जणांत एक निर्दोष.

संशयाशिवाय केलेल्या तपासणीत खऱ्या दोषींचं प्रमाण कमी असतं, म्हणून तिथे जोडपुराव्याची गरज सगळ्यात जास्त. आणि नेमकं तिथेच, विशेषतः नव्या, तरुण सैनिकासाठी, प्रश्न विचारायची जागा सगळ्यात कमी. कॅम्पबेलमधले प्रश्न अचूक आहेत. पण ज्याला त्यांची सर्वांत जास्त गरज आहे, तो त्या दारापर्यंत पोचतच नाही. एका उत्तम मेथड्स सेक्शनचा उपयोग काय, जर बहुतेक निर्णय फक्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून होत असतील?

नंतर दाद मागता येते. सेवामुक्तीच्या शेऱ्याबद्दल डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे १५ वर्षांच्या आत जाता येतं. लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे चूक कळल्यापासून तीन वर्षांत, आणि न्यायासाठी गरज वाटली तर ते मंडळ उशीर माफही करू शकतं. खसखशीच्या सैनिकासाठी दार उघडं आहे ते इथे. पण तोवर नोकरी गेलेली असते, आणि पुरावा द्यायची जबाबदारी उलटून त्याच्याच अंगावर आलेली असते. एक वर्ष उलटून गेलं असेल तर बाटलीही टाकून दिलेली असू शकते.

तुमच्यासाठी गृहपाठ

निष्कर्ष म्हणून "चाचण्या वाईट असतात" असं घरी नेऊ नका. नशेत कुणी लढाऊ विमान हाताळू नये, हे कुणालाही मान्य होईल, आणि ही चाचणी जे मोजते ते उत्तम मोजते. माझं म्हणणं एवढंच: चाचणीने उत्तर दिलं 'या बाटलीत हा रेणू या प्रमाणात आहे' याचं. 'ही बाटली याची', 'रेणू या पदार्थातूनच आला' आणि 'याने तो जाणून घेतला' ही तीन उत्तरं दुसरीकडून यावी लागतात. सैनिकाचा प्रत्येक कायदेशीर हक्क यांपैकी एखाद्या उत्तराला "हे कुठून आलं?" असं विचारण्यासाठी आहे.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं अपेक्षित निष्कर्षाचं वाक्य एका कोऱ्या कागदावर लिहा. त्याखाली, तुमचं उपकरण किंवा तुमची प्रश्नावली प्रत्यक्षात जे मोजते ते वाक्य लिहा. दोन्हींच्या मधे जेवढ्या पायऱ्या असतील तेवढ्या ओळी रिकाम्या सोडा, आणि प्रत्येक ओळीवर पुरावा काय आहे ते लिहून बघा. माझ्या स्वतःच्या पहिल्या मसुद्यात चार ओळींपैकी दोन कोऱ्या राहिल्या होत्या. गाइडनी काही न बोलता कागद परत दिला, आणि पुढचे सहा महिने त्या दोन ओळी भरण्यात गेले.